भूगोलाची पदवी : जमीन वाचण्याचे शिक्षण

बारावीनंतर भूगोल घेऊन पुढे काय शिकायचे, हा प्रश्न विद्यार्थी विचारतात, पालक विचारतात आणि शाळेच्या शिक्षककक्षातही तो अधूनमधून ऐकू येतो. देश, राजधान्या, नद्या, पिके, खनिजे ही सारी नावे दहावीपर्यंत पाठ होऊन गेलेली असतात. मग पदवीच्या वर्गात आणखी काय उरते? आणखी देश आणि आणखी नद्या?

पुणे विद्यापीठाच्या (२०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ) महाविद्यालयांत भूगोल कला आणि विज्ञान अशा दोन्ही शाखांत शिकवला जातो. अभ्यासक्रम दर काही वर्षांनी बदलतो, पेपरांची नावे आणि गुण बदलतात. पण गाभा फारसा बदललेला नाही. भूरूपशास्त्र, हवामानशास्त्र आणि सागरविज्ञान, मानवी आणि आर्थिक भूगोल, महाराष्ट्राचा आणि भारताचा प्रादेशिक भूगोल, नकाशाशास्त्र, सर्वेक्षण, संख्याशास्त्रीय पद्धती, दूरसंवेदन आणि भौगोलिक माहिती प्रणाली. शिवाय स्थलनिर्देशक नकाशे व हवामानाचे नकाशे यांचे वाचन आणि एक अभ्यास-सहल.

ही यादी वाचणाऱ्याला ते वेगवेगळ्या शास्त्रांतून उचललेले गाठोडे वाटते. खडकांचे भूविज्ञानातून, वाऱ्यांचे भौतिकीतून, लोकसंख्येचे अर्थशास्त्रातून. ही गाठ नेमकी कशाने बांधली गेली, हे कळायचे असेल तर थोडे इतिहासात जावे लागते. सुदैवाने त्या इतिहासाचा बराच भाग पुणे शहरात आणि जिल्ह्यातच घडला आहे. तो पाहिला की या पदवीत विद्यार्थी काय शिकतो, आणि ते न शिकल्यास कोणाचे नुकसान होते, हे दोन्ही स्पष्ट होते.

उकळत्या पाण्याने मोजलेली उंची

१८१८ साली पेशवाई संपली आणि दख्खनचा मोठा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आला. मुलूख हाती आला, पण त्याची माहिती हाती नव्हती. किती उंचीवर आहे, पाऊस किती पडतो, जमीन कशी आहे, माणसे किती आहेत, यांतले काहीच नक्की ठाऊक नव्हते. मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी १८२४ साली विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनची सांख्यिकीय पाहणी करण्यासाठी नेमले. पुढे हे पद रद्द झाले, तरी साइक्स यांनी १८३१ च्या सुरुवातीपर्यंत काम चालू ठेवून ते पुरे केले.

साइक्स वायुभारमापक आणि तापमापक बरोबर घेऊन गावोगाव हिंडले. डोंगरांची उंची काढण्यासाठी त्यांनी एक साधी युक्ती वापरली. उंचावर हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे पाणी कमी तापमानाला उकळते. साधारण ३०० मीटर चढले की उत्कलनबिंदू सुमारे १ अंश सेल्सियसने उतरतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवरच्या पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते, तर १,३०० मीटरवरच्या सिंहगडावर ९६ च्याही किंचित खाली. साध्या तापमापकाने उंची कशी मोजावी, यावर साइक्स यांनी १८३८ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या नियतकालिकात लेखही लिहिला.

त्याआधी, १८३५ साली, दख्खनच्या हवामानावरचा त्यांचा निबंध रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला होता. हवेचा दाब दिवसातून दोनदा वाढतो आणि दोनदा उतरतो, सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास तो जास्त, तर पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास कमी असतो, ही नियमित भरती-ओहोटी त्यांनी आपल्या नोंदींतून मांडली. १८३६ साली दख्खनच्या खडकांवर त्यांनी लिहिले. आपल्याकडील डोंगरांच्या सपाट माथ्यांना आणि पायऱ्यांसारख्या उतारांना कारण असलेले लाव्ह्याचे आडवे थर त्यांत वर्णिले आहेत. 'डेक्कन ट्रॅप' या नावातला 'ट्रॅप' हा शब्द मुळात पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे.

भूरूपशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी आजही येथूनच सुरुवात करतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरले. त्यांतले काही कठीण, काही सच्छिद्र आणि ठिसूळ. ठिसूळ थर लवकर झिजतो, कठीण थर कड्यासारखा उभा राहतो. वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणीत हे थर उघडे पडलेले दिसतात. पाताळेश्वराचे लेणे याच काळ्या पाषाणात कोरलेले आहे. साइक्स यांच्याकडे थरांचे वय सांगण्याचे साधन नव्हते, पण स्वतः चालत जाऊन पाहणे, मोजणे आणि लिहून ठेवणे ही पद्धत त्यांच्याकडे होती.

इंदापूरचा धडा

मोजणी चुकली तर काय होते, हे त्याच काळात पुणे जिल्ह्याने अनुभवले. प्रिंगल हे पुण्याच्या कलेक्टरचे सहायक होते. इंग्लंडमधल्या हेलिबरी येथे त्यांनी माल्थस यांच्या हाताखाली अर्थशास्त्र शिकलेले. जमिनीच्या एकूण उत्पन्नातून लागवडीचा खर्च वजा जाता जे उरते, त्याचे ५५ टक्के सरकारने घ्यावेत, असे सूत्र त्यांनी बसवले. १८२० च्या दशकाच्या अखेरीस त्यासाठी मोठी मोजणी झाली आणि १८३० च्या सुमारास नवे दर लागू झाले.

कागदावर सूत्र नीटनेटके होते. पण क्षेत्रफळाच्या मोजणीत चुका होत्या, मोजणीदारांवर देखरेख नव्हती आणि लाचलुचपत चालत होती. उत्पन्न आणि खर्च यांचे आकडे अंदाजाने धरलेले होते. इंदापूरसारख्या कमी आणि बेभरवशाच्या पावसाच्या भागात सरासरी उत्पन्न या कल्पनेलाच फारसा अर्थ नव्हता. दर पेलेनात, बाकी थकत गेली, वसुलीसाठी जुलूम झाला. पुष्कळ शेतकऱ्यांनी जमिनी टाकल्या आणि काही शेजारच्या संस्थानी मुलखांत निघून गेले. आकडेमोडीतल्या चुकीची किंमत अशी ओस पडलेल्या शेतांनी मोजली गेली.

१८३५ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी, लेफ्टनंट नॅश यांच्या मदतीने, इंदापुरातच काम नव्याने सुरू केले. त्यांनी उत्पन्नाचे कूट सूत्र बाजूला ठेवले आणि मातीकडे पाहिले. शेतात खणून मातीची खोली मोजायची. रंग आणि पोत पाहून तीन प्रती ठरवायच्या : बारीक, एकसारख्या पोताची काळी ते गडद तपकिरी, थोडी भरड, बहुधा तांबूस, आणि तिसरी खडेमिश्रित, भुसभुशीत, फिकट. पहिल्या प्रतीची पावणेदोन हात खोल माती म्हणजे सोळा आणे. तिथून खाली नऊ वर्ग करत उथळ, हलक्या जमिनीला दोन आणे. चुनखड, वाळू, उतार, पाणी साचणे असे दोष असतील तर वर्ग उतरवायचा.

क्षेत्र मोजायला ३३ फुटांची साखळी घेतली. या साखळीचा एक वर्ग म्हणजे एक गुंठा. ३३ × ३३ म्हणजे १,०८९ चौरस फूट, आणि असे ४० गुंठे म्हणजे ४३,५६० चौरस फूट, म्हणजे बरोबर एक एकर. सातबाराच्या उताऱ्यावर आपण वाचतो तो गुंठा या साखळीशी असा जोडलेला आहे. गणिताच्या शिक्षकांनी हा गुणाकार वर्गात जरूर करून घ्यावा.

इंदापूरचे नवे दर १८३६ पासून तीस वर्षांसाठी ठरले. ते आधीच्या मानाने हलके होते, आणि पडीक जमीन पुन्हा लागवडीखाली येऊ लागली. या पद्धतीचे नियम १८४७ च्या संयुक्त अहवालात एकत्र केले गेले आणि मुंबई इलाख्यात सर्वत्र वापरले गेले.

पण गोष्ट इथे संपत नाही. तीस वर्षांची मुदत संपल्यावर १८६६-६७ च्या सुमारास दर वाढवले गेले. दरम्यान अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे चढलेले कापसाचे भाव युद्ध संपताच, १८६५ नंतर, कोसळले होते. वाढलेला सारा, पडलेले भाव आणि सावकाराचे कर्ज यांच्या कात्रीत शेतकरी सापडला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्याच सुपे गावी सावकारांच्या विरुद्ध उठाव झाला. इतिहासात तो दख्खनचे दंगे म्हणून ओळखला जातो. माती बरोबर मोजली, तरी हजारो मैलांवरच्या बाजाराचा हिशेब कोणी धरला नव्हता. मृदाभूगोल आणि आर्थिक भूगोल एकाच पदवीत का शिकवतात, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

नकाशाचा कागद

मोजलेले कागदावर उतरवणे हे वेगळे शास्त्र आहे. १८०२ साली मद्रासजवळ लॅम्बटन यांनी सुरू केलेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाने साऱ्या भारताला त्रिकोणांच्या जाळ्यात बसवले. पुण्यात १८५४ साली इंजिनिअरिंगचा वर्ग सुरू झाला, त्याचेच पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले. सर्वेक्षण शिकलेली माणसे इथे तयार होऊ लागली.

भूगोलाच्या विद्यार्थ्याच्या हाती पडणारा स्थलनिर्देशक नकाशा या परंपरेतला आहे. पुण्याच्या नकाशाचा क्रमांक ४७ एफ/१४. हा क्रमांक समजावून घेणे हाच एक सुंदर पाठ आहे. ४७ हा चार अंश अक्षांश आणि चार अंश रेखांशांचा मोठा चौकोन : १६ ते २० उत्तर अक्षांश, ७२ ते ७६ पूर्व रेखांश. त्याचे एक-एक अंशाचे सोळा भाग करून ए ते पी अशी अक्षरे दिली. एफ म्हणजे १८ ते १९ अक्षांश आणि ७३ ते ७४ रेखांश. त्याचेही पुन्हा सोळा भाग. चौदावा भाग म्हणजे १८ अंश ३० मिनिटे ते १८ अंश ४५ मिनिटे अक्षांश आणि ७३ अंश ४५ मिनिटे ते ७४ अंश रेखांश. जमिनीवर हा तुकडा साधारण २६ किलोमीटर रुंद आणि २८ किलोमीटर उंच भरतो. पूर्वी तो एक मैलाला एक इंच या प्रमाणात छापत. मेट्रिक पद्धतीनंतर १:५०,००० प्रमाण आले, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे अर्धा किलोमीटर. समोच्च रेषांमधले अंतर २० मीटर.

विद्यार्थी या रेषा वाचायला शिकतो. रेषा जवळजवळ आल्या की उतार तीव्र, दूर गेल्या की मंद. रेषांचे टोक चढाकडे वळले तर ओढ्याची घळ, उताराकडे वळले तर डोंगराची सोंड. मग तो एका रेषेवरून छेद काढतो आणि सपाट कागदातून टेकडी उभी राहते. प्लेन टेबल, प्रिझमॅटिक कंपास, डंपी लेव्हल ही उपकरणे घेऊन महाविद्यालयाचे मैदान मोजताना त्याला कळते, की नकाशावरच्या प्रत्येक रेषेमागे कोणीतरी उन्हात उभे होते आणि त्याची चूकही होऊ शकते.

पूर्वी हे नकाशे मिळवणे कष्टाचे होते. किनाऱ्यालगतच्या आणि सीमेवरच्या नकाशांवर निर्बंध होते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी वापरासाठी वेगळी मालिका सुरू केली आणि २०१७ पासून भारतीय सर्वेक्षण विभागाने या मालिकेचे नकाशे संगणकावरून मोफत उतरवून घेण्याची सोय केली. त्या मालिकेची क्रमांकपद्धत वेगळी असली, तरी कोणत्याही शाळेला आपल्या गावाचा नकाशा आज मिळवता येतो.

एका गावाची पाहणी

जमीन मोजणाऱ्यांचे लक्ष माणसांकडे वळले, त्यातही पुण्याचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी शहराजवळचे पिंपळे सौदागर हे एक गाव निवडून त्याचा बारकाईने अभ्यास केला. जमीन, पाणी, पिके, जनावरे, कर्ज, मजुरी, घरोघरचा जमाखर्च. १९१७ साली तो पुस्तकरूपाने आला. १७७१ साली गावातली सरासरी धारणा सुमारे ४० एकर होती आणि १९१४-१५ साली ती सुमारे ७ एकरांवर आली होती, असे त्यांनी जुनी दप्तरे आणि नवी मोजणी यांच्या आधारे दाखवले. वाटण्या होत होत शेतांचे तुकडे कसे पडले, हे अंदाजाने सांगणे आणि गावात बसून मोजून सांगणे यांतला फरक या पुस्तकाने ठळक केला. पुढे कानिटकरांच्या सहकार्याने जातेगाव बुद्रुकचा असाच अभ्यास करून त्यांनी तो १९२१ साली प्रसिद्ध केला.

शहराच्या बाबतीत हेच काम गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी केले. पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी दोन भागांत, १९४५ आणि १९५२ साली, प्रसिद्ध झाली. कोणत्या पेठेत कोण राहतो, कोणता धंदा कुठे आहे, घरे कशी आहेत, याचा तो हिशेब नागरी भूगोलाच्या अभ्यासकांना आजही उपयोगी पडतो.

पदवीचा विद्यार्थी अभ्यास-सहलीत किंवा ग्राम-सर्वेक्षणात प्रश्नावली घेऊन दारोदार जातो, तेव्हा तो याच वाटेने चालत असतो. पिंपळे सौदागरमध्ये आज शेते शोधावी लागतात, तिथे उंच इमारती उभ्या आहेत. मान यांच्या नोंदी नसत्या तर बदल झाला एवढेच आपण म्हणू शकलो असतो. कशापासून बदल झाला, हे सांगता आले नसते.

सिमला ऑफिस

भारतीय हवामान विभाग १८७५ साली स्थापन झाला. त्याचे मुख्यालय कलकत्त्याहून सिमल्याला आणि १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरातल्या घड्याळाच्या मनोऱ्याच्या त्या इमारतीला पुणेकर अजूनही 'सिमला ऑफिस' म्हणतात. मुख्यालय पुढे १९४४ साली दिल्लीला गेले, पण हवामानाच्या नोंदींचे आणि संशोधनाचे मोठे काम पुण्यातच राहिले. १९६२ साली उष्णकटिबंधीय हवामानशास्त्राची स्वतंत्र संस्थाही पुण्यात सुरू झाली.

१९३२ साली पुण्यात कृषी-हवामानशास्त्राचा विभाग निघाला, त्याची धुरा एल. ए. रामदास यांनी वाहिली. त्याच वर्षी रामदास आणि आत्मनाथन यांनी एक चमत्कारिक निरीक्षण प्रसिद्ध केले. निरभ्र, शांत रात्री जमीन उष्णता बाहेर टाकून थंड होते, म्हणून सर्वांत थंड हवा जमिनीला टेकलेली असणार, असे सगळे धरून चालत. प्रत्यक्षात सर्वांत कमी तापमान जमिनीच्या काही इंच वर सापडले. बरीच वर्षे परदेशी अभ्यासकांना हे खरे वाटेना, उपकरणाचा दोष असावा असे म्हटले गेले. पुढे इतरत्रही तसेच आढळले आणि या थराला 'रामदास थर' हे नाव मिळाले. दव, धुके आणि पिकांवर पडणारे दहिवर समजून घ्यायला हा थर महत्त्वाचा आहे.

हवामानशास्त्राच्या प्रात्यक्षिकात विद्यार्थी पावसाळ्याचा, हिवाळ्याचा आणि उन्हाळ्याचा असे हवामानाचे नकाशे वाचतो. समदाब रेषा, वाऱ्याच्या दिशेचे बाण, ढगांची चिन्हे. पण पुण्याच्या विद्यार्थ्याला सर्वांत मोठा नकाशा घराबाहेर दिसतो. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथून पासष्ट किलोमीटरवर पुण्यात सातशेच्या आसपास, आणि इंदापूरकडे जाता जाता तो पाचशेपर्यंत उतरतो. घाटमाथ्यावर हवा चढते, गार होते आणि ओलावा टाकते. पलीकडे उतरताना ती तापते आणि कोरडी होते. भात, बाजरी आणि ज्वारी यांचे पट्टे, ओढ्यांचे पाणी आणि दुष्काळाची गावे या एका उतरंडीवर मांडता येतात. प्रिंगल यांच्या सूत्रात ही उतरंड नीट बसली नव्हती.

विद्यापीठात आलेला विषय

या सगळ्या धाग्यांना एका पदवीत गुंफण्याचे काम विद्यापीठांनी केले, आणि तेही बऱ्याच उशिरा. बर्लिनमध्ये कार्ल रिटर १८२० पासून भूगोल शिकवत होते. ऑक्सफर्डने मॅकिंडर यांना १८८७ साली नेमले. भारतात अलिगढ, मद्रास, कलकत्ता येथे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात भूगोल विद्यापीठात रुजला. पुणे विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले आणि पुढे तिथे भूगोलाचा विभाग उभा राहिला.

त्या पिढीपुढे पुस्तकांचा प्रश्न होता. इंग्लंडच्या पुस्तकातून हिमनद्यांनी कोरलेल्या दऱ्या शिकवायच्या आणि खिडकीबाहेर बेसॉल्टची टेकडी पाहायची, हा विसंवाद होता. प्रा. चं. धुं. देशपांडे यांनी १९४८ साली पश्चिम भारताचा प्रादेशिक भूगोल लिहिला आणि नॅशनल बुक ट्रस्टसाठी १९७१ साली महाराष्ट्राचा भूगोल. पुणे विद्यापीठातील प्रा. के. आर. दीक्षित यांचे नकाशांतून महाराष्ट्र मांडणारे पुस्तक १९८६ साली आले. अशा कामांमुळे प्रदेशाचा भूगोल म्हणजे तालुक्यांची यादी ही समजूत मागे पडली. खडक, पाऊस, माती, पिके, वस्ती आणि वाहतूक यांचे नकाशे एकावर एक ठेवायचे आणि ते कुठे जुळतात, कुठे जुळत नाहीत, ते पाहायचे, ही प्रादेशिक भूगोलाची रीत झाली. भौगोलिक माहिती प्रणालीत संगणक हेच करतो. तो फक्त ट्रेसिंग पेपरची जागा घेतो.

पाणी कुठवर येईल?

१२ जुलै १९६१ रोजी बांधकाम चालू असलेले पानशेत धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरण फोडले आणि मुठेचे पाणी पुण्याच्या पेठांत शिरले. शेकडो घरे पडली, कुटुंबेच्या कुटुंबे उघड्यावर आली. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर या वसाहतींच्या इतिहासात या पुराचा वाटा आहे. पाणी कुठे किती चढले, हे धरणाच्या फुटण्याइतकेच नदीच्या पात्राशेजारच्या सखल भागांवर, म्हणजे पूरमैदानावर, अवलंबून होते.

महाराष्ट्रात आता नद्यांच्या काठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखल्या जातात. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. इथे पदवीतले संख्याशास्त्र कामाला येते. 'शंभर वर्षांतून एकदा' याचा अर्थ एकदा येऊन गेला की पुढली नव्याण्णव वर्षे निश्चिंती, असा नाही. दरवर्षी तो येण्याची शक्यता एक टक्का आहे, एवढाच त्याचा अर्थ. तीस वर्षांच्या काळात तो निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के भरते. घर घेणाऱ्या माणसाचे कर्ज साधारण तितकीच वर्षे चालते.

नदीला निदान रेषा तरी आहेत, ओढ्यांचे काय? २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगरांत जोराचा पाऊस झाला आणि आंबील ओढ्याला पूर आला. काठच्या वस्त्यांत पाणी शिरले, भिंती कोसळल्या, अनेकांचे प्राण गेले. याच ओढ्यावर कात्रजला नानासाहेब पेशव्यांच्या काळात तलाव बांधून पुण्याला नळाने पाणी आणले होते, आणि पेशवाईतच त्याचा शहरातला प्रवाह वळवला गेला होता. ओढ्याला जुनी वाट असते आणि पाणलोट क्षेत्र असते. कात्रजचे डोंगर ४७ एफ/१५ या नकाशावर आहेत आणि जुन्या पेठा ४७ एफ/१४ वर. ओढा समजून घ्यायचा तर दोन नकाशे जोडावेच लागतात.

भूगोलाचा विद्यार्थी नेमके हेच प्रात्यक्षिक करतो. नकाशावर पाणलोटाची सीमा आखायची. ज्याला दुसरा प्रवाह मिळालेला नाही तो पहिल्या श्रेणीचा. पहिल्या श्रेणीचे दोन मिळाले की दुसऱ्या श्रेणीचा. अशी श्रेणी लावायची. प्रवाहांची लांबी मोजून तिला क्षेत्रफळाने भागायचे. पाणी किती लवकर एका जागी जमेल, याचा अंदाज त्यातून येतो. मग प्रत्यक्ष काठाने चालायचे. नकाशात जो प्रवाह आहे तो जमिनीवर भिंतीखाली गेलेला आढळला, तर त्याची नोंद करायची. ही नोंद करणारे डोळे तयार करणे, हे पदवीचे काम आहे.

उपग्रह आले म्हणून हे काम संपत नाही. आयआरएस-१ए हा भारताचा दूरसंवेदन उपग्रह १७ मार्च १९८८ रोजी अवकाशात गेला. आज दुष्काळ ठरवताना पावसाच्या आकड्यांबरोबर उपग्रहातून दिसणारा हिरवेपणा आणि मातीतला ओलावा हेही पाहतात. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेत हे निकष आहेत. पण उपग्रहाला पीक आणि बांधावरचे गवत दोन्ही हिरवेच दिसते. कोणत्या हिरव्याचा अर्थ काय, हे शेतात उभे राहूनच ठरवावे लागते. ते न करता काढलेला निष्कर्ष प्रिंगल यांच्या दरांसारखाच शेतकऱ्याच्या माथी बसू शकतो.

शाळेसाठी

अनेक शाळांत भूगोल शिकवणाऱ्यांची पदवी दुसऱ्याच विषयाची असते. त्यात त्यांचा दोष नाही. पण पदवीतली रीत शाळेत आणायला पदवीच हवी असे नाही.

तापमापक आणि स्टोव्ह घेऊन गावात आणि जवळच्या डोंगरावर पाण्याचा उत्कलनबिंदू मोजता येतो. सरळ भिंतीच्या डब्याचे पर्जन्यमापक करून जून ते सप्टेंबर रोज एका ठरलेल्या वेळी पाऊस मोजता येतो, आणि शेजारच्या दोन शाळांनी साथ दिली तर पावसाची उतरंडही काढता येते. शेताच्या बांधाशी, मालकाला विचारून, हातभर खणून मातीचा रंग, पोत आणि खोली लिहिता येते. शाळेजवळचा ओढा कुठून येतो आणि कुठे जातो, हे त्याच्या काठाने चालून कागदावर उतरवता येते. या नोंदी तारखेसह वहीत राहिल्या, तर वीस वर्षांनी त्याच शाळेतल्या मुलांना त्या पिंपळे सौदागरच्या पाहणीसारख्या उपयोगी पडतील.

आणि नववी-दहावीतल्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने भूगोल घेऊन काय शिकायचे असे विचारलेच, तर आंबील ओढ्याचे दोन नकाशे त्यांच्यापुढे ठेवावेत आणि ते जोडायला सांगावे.